आरसा फिरवणाऱ्या ताराबाई

बायकांवर विनोद करण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. सकाळी मोबाईल उघडला की निदान चार तरी येऊन पडलेले असतात. बायको म्हणजे बडबडी, संशयखोर, साड्यांवर पैसे उधळणारी. आणि नवरा म्हणजे बिचारा. आपणही हसतो आणि दुसऱ्या ग्रुपवर पाठवून देतो. थट्टाच ती, मनावर काय घ्यायची! पण मैत्रिणींनो, एकदा उलटं करून बघा. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या किंवा गल्लीतल्या पुढाऱ्याच्या मोठेपणावर एखाद्या बाईनं चारचौघांत तसाच विनोद केला, तर काय होतं? सगळ्यांचं हसू जागच्या जागी आटतं. बाई फटकळ आहे, तिच्या जिभेला हाड नाही, असं लगेच ठरून जातं. कोणी कोणाला हसायचं, याचाही एक न लिहिलेला कायदा आहे.

हा कायदा जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी बाईंनी मोडला. त्यांचं नाव ताराबाई शिंदे, गाव बुलढाणा. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे त्यांच्या पुस्तकाचं नाव आपल्यापैकी अनेकींनी ऐकलेलं असतं. कधी अभ्यासात, कधी आठ मार्चच्या भाषणात. स्त्रियांची बाजू मांडणारी पहिली लेखिका म्हणून आपण त्यांना मान देतो, हार घालतो. पण त्यांनी हातात घेतलेलं हत्यार कोणतं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. ते हत्यार होतं उपहासाचं.

उपहास म्हणजे नुसती टिंगल नव्हे. कॉलेजात ज्यांचा इंग्रजी साहित्याचा पेपर होता त्यांना जोनाथन स्विफ्ट आठवत असेल. ‘गलिव्हरची सफर’ लिहिणारा तोच. इंग्रजांच्या सत्तेखाली आयर्लंडमधली गरीब जनता उपाशी मरत होती आणि जमीनदारांना त्याचं काही वाटत नव्हतं. तेव्हा १७२९ मध्ये स्विफ्टनं एक छोटं पुस्तक काढलं. गरिबांनी आपली तान्ही मुलं श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, म्हणजे सगळ्यांचाच प्रश्न सुटेल, असा प्रस्ताव त्यात अगदी गंभीर चेहऱ्यानं, हिशेब मांडून दिला होता. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि मग लक्षात येतं, की श्रीमंत मंडळी तर गरिबांना रोजच खात आहेत. सरळ शब्दांत सांगून जे कोणी ऐकत नाही, ते ऐकायला लावण्याची ही रीत.

गंमत अशी, की ज्या मोठमोठ्या लेखकांनी सत्तेची अशी टर उडवली, तेच बायकांच्या बाबतीत मात्र मोबाईलवरच्या विनोदांच्या जातीचे निघाले. स्विफ्टनं १७३२ मध्ये बाईच्या शृंगाराच्या खोलीवर एक कविता छापली आणि तिथल्या घाणीची यथेच्छ टवाळी केली. तिला १७३४ मध्ये सव्याज उत्तर दिलं ते लेडी मेरी माँटेग्यू या बाईंनी, कवितेतच. देवीच्या रोगावर टोचून घेण्याची पद्धत तुर्कस्तानात पाहून ती इंग्लंडात रुजवणाऱ्या त्याच या बाई. पण त्या उमरावाच्या घरातल्या, वकिलाती पाहिलेल्या. आपल्या ताराबाईंच्या पाठीशी असं काही नव्हतं.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा, बुलढाण्यातला. वऱ्हाडचा हा भाग १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. घर मराठा समाजातलं, इभ्रतदार, बायकांनी उंबऱ्याच्या आत राहावं असं मानणारं. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सुधारकी विचारांचा माणूस. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, त्या समाजाचे ते सभासद होते. बुलढाण्यात त्या वेळी मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच शिकवलं. मराठी तर शिकवलंच, शिवाय संस्कृत आणि इंग्रजीही.

हे वाचताना आपल्याला साधं वाटतं, पण त्या काळाचा विचार करा. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल पडायचा तो १८४८ च्या शाळेपासूनचा काळ. मुलगी शिकली की तिचा नवरा मरतो, अशी समजूत होती. अशा वेळी एका बापानं मुलीच्या हातात संस्कृत ग्रंथ दिले. पुढे याच ग्रंथांतली भांडारं ताराबाई एकेक करून उघडणार होत्या, हे त्यांच्याही मनात आलं नसेल.

रीतीप्रमाणे ताराबाईंचं लग्न झालं. जावई घरजावई म्हणून आले. त्यामुळे ताराबाईंना सासरी जावं लागलं नाही, माहेरचं घर आणि माहेरची पुस्तकं सुटली नाहीत. मूलबाळ झालं नाही. त्या काळी मूल नसलेल्या बाईला समाज कसं बोलत असेल ते वेगळं सांगायला नको. आज तरी ते बोलणं कुठे थांबलंय?

ताराबाई तिशीच्या घरात असताना एक बातमी आली. वर्ष १८८१, गाव गुजरातेतलं सुरत, जे तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, मूल जन्माला आलं आणि लोकलज्जेच्या भीतीनं तिनं ते मारलं. खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली आणि त्याऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा आली.

असे प्रसंग तेव्हा नवे नव्हते. विधवेच्या पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ मध्ये झाला होता, पण कायदा कागदावर आणि रूढी घरात. बाई विधवा झाली की तिचे केस काढायचे, तिला एका खोलीत, एका आलवणात, एका वेळच्या जेवणावर ठेवायचं. आणि त्याच घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या पुरुषानं तिच्या असहायपणाचा फायदा घेतला, की पाप तिचं एकटीचं. म्हणूनच जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, या जोडप्यानं पुढे दत्तक घेतला.

विजयालक्ष्मीच्या खटल्यावर वर्तमानपत्रांतून चर्चा सुरू झाली. ‘पुणेवैभव’ हे सनातनी मताचं पत्र. त्यानं हे निमित्त साधून एकूण बायकांच्याच वर्तनावर झोड उठवली. बायका बिघडल्या, शिक्षणानं आणि सुधारणेनं त्यांना शिंगं फुटली, असा सूर. हा एकट्या बाईचा गुन्हा नव्हता, हे जणू कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्या मुलाचा बाप कोण? तो कुठे आहे? कोर्टात त्याला कोणी उभं केलं नाही आणि वर्तमानपत्रात त्याच्यावर कोणी लेख लिहिला नाही.

बुलढाण्यात बसून ताराबाई हे वाचत होत्या. आणि त्यांनी लेखणी उचलली.

१८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुस्तक लहानसंच. पण त्यावर नाव स्वतःचं, खरं. याचं महत्त्व कळायला पुन्हा स्विफ्टकडे जाते. १७२४ मध्ये आयर्लंडवर लादलेल्या खोट्या नाण्यांविरुद्ध त्यानं पत्रं लिहिली ती एका कापडवाल्याचं सोंग घेऊन. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला सरकारनं ३०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. एवढा मोठा पाद्री, पण त्यालाही नाव लपवावं लागलं. ताराबाई तर घराबाहेर न पडणाऱ्या, एका छोट्या गावातल्या बाई. त्यांनी नाव लपवलं नाही.

आता पुस्तकात केलंय काय, ते सांगते. जुन्या संस्कृत काव्यात स्त्रीच्या दुर्गुणांची एक मोठी यादी आहे. बाई म्हणजे संशयाचा भोवरा, उद्धटपणाचं घर, अविचाराचं गाव, कपटाची पोतडी वगैरे वगैरे. शेकडो वर्षं शास्त्री-पंडित हे मिटक्या मारत ऐकवत आले. ताराबाईंनी ही यादीच समोर घेतली. रडल्या नाहीत, आम्ही अशा नाही हो, अशी विनवणी केली नाही. त्यांनी एकेक दुर्गुण उचलला आणि पुरुषाला लावून पाहिला. संशयी कोण? अविचारी कोण? कपटी कोण? दाखले देवादिकांच्या कथांतले, राजेरजवाड्यांचे, कचेऱ्यांतले आणि शेजारच्या घरातले. म्हणजे बायकांसमोर आजवर जो आरसा धरला होता, तोच त्यांनी फिरवला. नवा आरसा आणला नाही, हीच त्यातली मेख आहे.

नवऱ्याला देव मानावं असं शास्त्र सांगतं ना, मग देवानं देवासारखं वागायला नको का, असा त्यांचा बिनतोड सवाल. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी त्या वाटेनं एक पाऊल टाकलेला नवरा कोणी पाहिलाय का, ही दुसरी कोपरखळी. बायको गेली की दिवस होतात न होतात तोच दुसरीच्या शोधाला लागणारा नवरा आणि नवरा गेला की जन्मभर तोंड लपवणारी बायको, ही तुलना तर त्या पुन्हा पुन्हा करतात. विधवेला कोंडून ठेवायची रीत ब्राह्मणांपुरती राहिलेली नाही, ती इतर जातींच्या इभ्रतदार घरांतही शिरली आहे, हे त्यांनी आपल्या समाजाकडे बोट दाखवून सांगितलं.

नव्या-जुन्या दोन्ही प्रकारच्या पुरुषांना त्यांनी सोडलं नाही. साहेबासारखे बूट-कोट घालताना, त्याच्या टेबलावरचं खाताना ज्यांचा धर्म बुडत नाही, त्यांना बायकोच्या बाबतीत तेवढा धर्म कसा आठवतो, असं त्या विचारतात. आणि सुधारकांच्या सभा! शाली पांघरून, जरीच्या पगड्या घालून जमायचं, पानसुपारी फस्त करायची, हारतुरे, गुलाबपाणी, लांबलांब भाषणं आणि मग घरी जाऊन स्वस्थ झोपायचं. आजच्या महिला दिनाच्या कार्यक्रमाचं हे वर्णन आहे असं वाटावं! त्या काळच्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा गाजलेल्या कादंबऱ्यांतल्या बायका कशा खोट्या, पुरुषांच्या सोयीच्या आहेत, हेही त्यांनी लिहिलं. म्हणजे साहित्यावर टीका करणारी बाईही आपल्याकडे तेव्हाच होऊन गेली.

आणि भाषा कशी? शालजोडीतले देणं हा आपला मराठी वाक्प्रचार. ताराबाई शाल बाजूला ठेवतात आणि सरळ पायातली काढतात. शिकलेल्या बाईची सोवळी भाषा इथे नाही. म्हणी आहेत, टोमणे आहेत, हातवारे करून बोलावं तशी वाक्यं आहेत. ही भाषा त्यांनी आणली कुठून? मला वाटतं, ती बायकांकडे होतीच. जात्यावरच्या ओव्या आठवा, भोंडल्याची गाणी आठवा. सासर कसं, सासू कशी, नवरा कसा, सगळ्यांचा उद्धार त्यात असतो. विहिणीच्या पंगतीत वरपक्षाची जी उडवतात ती काय कमी असते? आमच्या कोलशेतच्या आगरी-कोळी घरांत हळदीच्या रात्री म्हाताऱ्या आजी रंगात आल्या की भल्याभल्यांना पळता भुई थोडी होते. पण हे सगळं बायका-बायकांत, घरात, सणापुरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोक्यावर पदर. ताराबाईंनी हाच आवाज छापखान्यात नेला. तिथे मात्र तो कोणाला सोसवला नाही.

त्याच १८८२ मध्ये पुण्यात पंडिता रमाबाईंचं ‘स्त्री धर्मनीति’ निघालं. रमाबाईंनी त्यात बायकांना शिका, सुधारा, असा उपदेश केला होता. असा उपदेश समाजाला पेलतो. ताराबाईंनी उपदेशाचं तोंडच पुरुषांकडे वळवलं. साहजिकच टीकेची झोड उठली. दुःख याचं, की सत्यशोधक मंडळींतल्याही काहींना हे रुचलं नाही. शूद्रांवरच्या अन्यायाविरुद्ध बोलणारे आपल्या घरातल्या अन्यायाची गोष्ट निघाल्यावर नाराज झाले. ताराबाईंच्या मागे एकच मोठा माणूस खंबीर उभा राहिला, तो म्हणजे जोतिबा फुले. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकात त्यांनी ताराबाईंचा आपल्या लेकीसारखा उल्लेख करून पुस्तकाची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांचे कान उपटले. बायकांना हे पुस्तक झोंबलेलं नाही, ते पुरुषांनाच का झोंबतंय, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. म्हणजे ‘स्त्री-पुरुष तुलना’नंतर जवळजवळ २८ वर्षं त्या जगल्या, आणि एवढी धारदार लेखणी गप्प राहिली.

इथे मला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मराठी विनोदाचे जनक म्हणून आपण श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. रूढी आणि ढोंग यांची चेष्टा करणारे त्यांचे ‘सुदाम्याचे पोहे’ मधले लेख १९०२ पासून येऊ लागले. हे कोल्हटकर वकिली कुठे करत होते? खामगाव आणि जळगाव-जामोद, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातच! त्याच जिल्ह्यात वीस वर्षं आधी एका बाईनं उपहासाचं अख्खं पुस्तक लिहून ठेवलं होतं. पण मराठी विनोदाच्या इतिहासात तिचं पान कोणी काढलं नाही. पुरुषानं रूढीची टर उडवली की तो विनोदकार. बाईनं उडवली की ती संतापलेली बाई. संताप होताच. पण त्या संतापाला हसण्याची धार लावणं हे कौशल्य होतं, याची नोंद झाली नाही.

पुस्तक विस्मरणात गेलं. ते पुन्हा उजेडात आणलं स. गं. मालशे या अभ्यासकांनी, १९७५ मध्ये. जगभर ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरं होत होतं. मधे ९३ वर्षं गेली होती. पुढे १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि जगातल्या विद्यापीठांत ताराबाई पोचल्या. भारतातल्या स्त्रीवादी लेखनाच्या सुरुवातीला आता त्यांचं नाव घेतलं जातं.

मालशांच्या हाताला ती प्रत लागली नसती तर? नऊ आण्यांचं ते पुस्तक रद्दीत गेलं असतं आणि आपल्याला वाटलं असतं, की आपल्या पणज्या-खापरपणज्या मुकाट सोसत होत्या, त्यांना काही कळतच नव्हतं. त्यांना सगळं कळत होतं. फक्त छापलं जात नव्हतं.

ताराबाईंची सगळी मागणी आजच्या मोजमापानं फार मोठी नव्हती, हेही खरं. त्यांनी मतदानाचा हक्क मागितला नाही की संसार मोडा असं सांगितलं नाही. चांगला संसार, चांगला नवरा, मानाची वागणूक, विधवेला पुन्हा सुखानं जगण्याची मुभा, एवढंच. पण त्यांनी विचारलेला मूळ प्रश्न मात्र अजून म्हातारा झालेला नाही. दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीची शिक्षा एकीलाच का?

बचत गटाच्या आणि समुपदेशनाच्या कामात आम्हा बायकांना हा प्रश्न पावलोपावली भेटतो. कोलशेतमध्ये एका बाजूला जुनं गावठाण आणि खाडी, दुसऱ्या बाजूला तीस-तीस मजल्यांचे टॉवर. पण एखाद्या मुलीचं काही कानावर आलं, की दोन्हीकडची चर्चा सारखीच. तिचे कपडे, तिचा मोबाईल, तिचं उशिरा घरी येणं, तिच्या आईचं लक्ष नसणं. ही यादी ऐकताना मला ती जुनी संस्कृत यादी आठवते. भाषा बदलली, यादी तीच. मुलाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, मुलं काय, मुलंच ती. एकदा अशाच बैठकीत आमच्या गटातल्या एका साध्या, घरकाम करणाऱ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलीबद्दल बोललेला प्रत्येक शब्द त्या मुलाला लावून विचारला. त्याचे कपडे कसले असतात, तो किती वाजता घरी येतो, त्याच्या आईचं लक्ष कुठे असतं? आधी लोक हसले आणि मग गप्प झाले. त्या बाईंनी ताराबाईंचं नावही ऐकलेलं नव्हतं.

म्हणून वाटतं, ताराबाईंच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा त्यांची युक्ती शिकून घ्यावी. त्यासाठी लेखिका व्हावं लागत नाही, पदवी लागत नाही. बाईबद्दलचं वाक्य ऐकलं, की मनातल्या मनात त्यात बाईच्या जागी पुरुष घालून बघायचा. वाक्य तसंच खरं वाटलं तर ठीक. हसू आलं, तर समजायचं की त्या वाक्यात काहीतरी खोटं आहे. आणि ते हसू दाबून ठेवायचं नाही.

उद्या सकाळी मोबाईलवर बायकोचा नवा विनोद आला की एवढं जरूर करून बघा. तो पुढे पाठवायचा असेल तर आधी आरसा फिरवा, मग पाठवा. किती जण हसतात ते कळेलच!